तीन सामुद्रधुन्या आणि एक गव्हर्नर

राजधानीत हिंदी महासागराचा विषय निघाला की तीन नावे हमखास पुढे येतात : होर्मुझ, बाब-अल-मंदेब आणि मलाक्का. २०१७ मध्ये चीनने जिबूती येथे परदेशातील आपला पहिला लष्करी तळ उघडला, तेव्हाही नकाशावरची बोटे याच तीन चिंचोळ्या जागांवरून फिरत होती. खनिज तेलाचा व्यापार सुरू होण्याच्या कितीतरी आधी, पाच शतकांपूर्वी, एका पोर्तुगीज सरदाराने नेमक्या याच जागा हेरल्या होत्या. त्यांपैकी दोन त्याने घेतल्या; तिसरी त्याच्या हातून निसटली. आणि जी जागा सामुद्रधुनी नव्हती, जी घेण्याचा मूळ बेतही नव्हता, ती त्याच्या वारसांकडे ४५१ वर्षे राहिली. त्या सरदाराचे नाव अफोन्सो द आल्बुकर्क आणि ती जागा म्हणजे गोवा.

गोव्याच्या इतिहासातील क्रूर विजेता एवढीच त्याची ओळख आपल्याकडे आहे. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. मायदेशापासून सहा-आठ महिन्यांच्या प्रवासावर, परक्या किनाऱ्यांवर कायमचे लष्करी तळ उभारून एका अख्ख्या महासागराच्या वाटा अडवता येतील, हा विचार पद्धतशीरपणे मांडून तो अमलात आणणारा पहिला युरोपीय प्रशासक म्हणून त्याच्याकडे पाहिले पाहिजे. त्या विचाराची ताकद आणि त्यातली खोट, दोन्ही त्याच्या हयातीतच दिसून आल्या.

आल्बुकर्कचा जन्म सुमारे १४५३ चा, लिस्बनजवळच्या आल्हांद्रा येथला. घराणे खानदानी, बालपण राजा पाचव्या अफोन्सोच्या दरबारात. तारुण्याची वर्षे मात्र उत्तर आफ्रिकेत मूरांशी लढण्यात गेली. तेथे पोर्तुगालने सेउटा, अर्झिला, तँजिअर अशी किनाऱ्यावरची ठाणी जिंकली होती. भोवती शत्रूचा मुलूख, पाठीशी समुद्र आणि रसद येईल तोवरच आयुष्य, असा त्या ठाण्यांचा संसार होता. १४८९ मध्ये ग्रासिओसा नावाचा किल्ला वाचवायला गेलेल्यांतही तो होता. तो किल्ला पोर्तुगीजांना अखेर सोडावा लागला. पुढे हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर त्याने जे केले त्याचे धडे या मोरोक्कोच्या वाळूत गिरवलेले होते, हे त्याच्या चरित्रात सहसा दुर्लक्षित राहते.

पन्नाशी गाठलेला हा सरदार १५०३ मध्ये प्रथम कोचीनला आला. वास्को द गामाच्या पहिल्या सफरीला तेव्हा जेमतेम पाच वर्षे झाली होती. पोर्तुगीजांना आश्रय दिला म्हणून कालिकतच्या सामुद्री राजाने कोचीनच्या राजावर चाल करून त्याला हुसकावून लावले होते. आल्बुकर्क आणि त्याचा चुलतभाऊ फ्रान्सिस्को यांनी त्या राजाला पुन्हा गादीवर बसवले आणि बदल्यात लाकडी तटबंदीची एक गढी बांधण्याची परवानगी मिळवली. पोर्तुगीजांचा हिंदुस्थानातील हा पहिला किल्ला. स्थानिक राजांच्या भांडणात दुबळ्याची बाजू घ्यायची, त्याला गादी द्यायची आणि आपण जागा घ्यायची, ही रीत पुढे इतरांनीही मनापासून गिरवली.

१५०६ मध्ये तो पुन्हा निघाला तेव्हा राजा मानुएलचा एक गुप्त आदेश त्याच्याजवळ होता. व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदाची मुदत संपताच हिंदुस्थानचा कारभार आल्बुकर्कने हाती घ्यावयाचा होता. वाटेत, १५०७ मध्ये, तांबड्या समुद्राच्या तोंडाशी पहारा ठेवण्यासाठी सोकोत्रा बेट घेण्यात आले. ही निवड नकाशावर अचूक दिसे, प्रत्यक्षात निकामी ठरली. बेटावर धान्य नाही, चांगले बंदर नाही आणि तेथून सामुद्रधुनी अडवणेही शक्य नाही. चार वर्षांत पोर्तुगीजांनी ते सोडले. तळासाठी जागा निवडताना केवळ अंतर मोजून भागत नाही, हे त्याला येथे कळले असावे.

सोकोत्र्याहून सहा जहाजे घेऊन तो ओमानच्या किनाऱ्याने वर सरकला. मस्कत आणि आजूबाजूची बंदरे जाळत, लुटत त्याने होर्मुझ गाठले. इराणच्या आखाताच्या तोंडावरचे हे ओसाड बेट, पिण्याचे पाणीसुद्धा बाहेरून आणणारे. पण घोडे, मोती, रेशीम आणि मसाले यांच्या व्यापारावर गबर झालेले. गादीवर बारा वर्षांचा राजा आणि खरी सत्ता ख्वाजा अत्तार या वजिराच्या हाती. तोफांच्या माऱ्यापुढे वजीर नमला. वार्षिक पंधरा हजार अश्रफींची खंडणी आणि किल्ल्याला जागा कबूल झाली. इराणच्या शहाचा दूत आपली नेहमीची खंडणी मागायला आला, तेव्हा आल्बुकर्कने त्याच्यापुढे तोफगोळे आणि शस्त्रे ठेवली, असे इतिहासकार सांगतात.

पण किल्ला पुरा झाला नाही, आणि त्याचे कारण शत्रू नव्हे, त्याचेच कप्तान. सरदार घराण्यांतले हे तरुण हिंदुस्थानात आले होते ते व्यापारी जहाजे लुटून श्रीमंत होण्यासाठी. उन्हातान्हात दगड वाहण्यासाठी नव्हे. १५०८ च्या आरंभी काही कप्तान जहाजे घेऊन सरळ हिंदुस्थानकडे निघून गेले आणि आल्मेदाच्या कानी त्याच्याविरुद्ध तक्रारी घालू लागले. आल्बुकर्कला होर्मुझ सोडावे लागले.

त्या वर्षाच्या अखेरीस तो कण्णूरला पोचला तेव्हा आल्मेदाने कारभार सोपवण्यास नकार दिला. यामागे वैयक्तिक दुःख होते. मार्च १५०८ मध्ये आपल्या कोकणातल्या चौलच्या खाडीत इजिप्तच्या मामलुकांच्या आणि दीवच्या मलिक अयाझच्या आरमाराने आल्मेदाचा एकुलता मुलगा लोरेन्सो याला ठार केले होते. त्याचा सूड घेतल्याशिवाय परतायचे नाही असे बापाने ठरवले होते. ३ फेब्रुवारी १५०९ रोजी दीवच्या लढाईत त्याने तो घेतला आणि हिंदी महासागरातील संयुक्त मुस्लिम आरमाराचा कणा मोडला. त्यानंतरही त्याने आल्बुकर्कला अधिकार दिले नाहीतच. उलट कण्णूरच्या किल्ल्यात जवळजवळ कैदेत ठेवले. नोव्हेंबर १५०९ मध्ये मार्शल फर्नांदो कुतिन्यो मोठा ताफा घेऊन आला, तेव्हाच हा पेच सुटला. परतीच्या वाटेवर, १५१० च्या मार्चमध्ये, केप ऑफ गुड होपजवळ स्थानिक खोईखोई लोकांशी झालेल्या चकमकीत आल्मेदा मारला गेला.

दोघांमधील वितुष्टाचे वर्णन बहुधा स्वभावाच्या अंगाने केले जाते. वस्तुतः तो धोरणाचा झगडा होता आणि त्याचा निकाल आजही लागलेला नाही. आल्मेदाचे म्हणणे असे की समुद्रावर आपले आरमार प्रबळ असेल तर हिंदुस्थान आपलाच. ते दुबळे पडले तर किनाऱ्यावरचे किल्ले काय कामाचे? पोर्तुगालची लोकसंख्या पंधरा लाखांच्या आत. प्रत्येक नवा किल्ला शे-दोनशे माणसे गिळणार, तितकी जहाजे मोकळी पडणार. आल्बुकर्कचा प्रतिवादही तितकाच बिनतोड होता. पावसाळ्याचे चार महिने आरमाराने राहावयाचे कोठे? फुटलेल्या तळांची डागडुजी, दोर, लाकूड, दारूगोळा, आजाऱ्यांची शुश्रूषा, हे सारे कोचीनच्या राजाच्या मर्जीवर किती दिवस चालणार? लिस्बनला पाठवलेल्या पत्राचे उत्तर यायला वर्ष-दीड वर्ष लागते. मालकीचे बंदर नसलेले आरमार एका पराभवात संपते. तळाविना आरमार पांगळे आणि तळांमुळे आरमार क्षीण, या कात्रीतून पुढची कोणतीही सागरी सत्ता सुटलेली नाही. ब्रिटनला सुएझच्या पूर्वेकडील तळ आवरते घेताना १९६८ मध्ये हाच हिशेब मांडावा लागला.

कारभार हाती येताच पहिला घाव बसला तो कालिकतला. जानेवारी १५१० मध्ये उतावळ्या कुतिन्योच्या हट्टापायी शहरावर हल्ला झाला; राजवाडा लुटण्यात सैन्य पांगले आणि नायरांनी त्यांना गल्ल्यांत गाठून कापले. कुतिन्यो पडला, आल्बुकर्क जबर जखमी झाला आणि त्याचा डावा हात कायमचा दुबळा राहिला. त्यानंतर महिन्याभरातच तो तांबड्या समुद्राकडे निघाला असता वाटेत होन्नावरजवळ तिमोजा त्याला भेटला. तिमोजा हा विजयनगरच्या छायेत वावरणारा सागरी सरदार. त्याची बातमी अशी की गोव्याचा स्वामी विजापूरचा आदिलशहा नुकताच वारला आहे, गादीवर अल्पवयीन इस्माईल आहे, शहरात शिबंदी थोडी आहे आणि दीवच्या लढाईतून वाचलेले लोक तेथे नवी जहाजे बांधत आहेत. आल्बुकर्कने मोहिमेचा मोहरा फिरवला. म्हणजे ज्या तळाने पोर्तुगालचे साम्राज्य साडेचार शतके टिकले, त्याची कल्पना लिस्बनच्या दरबारात नव्हे, कानडी किनाऱ्यावरच्या एका स्थानिक माणसाच्या डोक्यात निघाली. परक्या तळांच्या इतिहासात तिमोजासारखी माणसे नेहमी असतात आणि त्यांची नावे नेहमी तळटिपेत जातात.

गोवा फारसा प्रतिकार न होता हाती आला, आणि मे महिन्यात गेलाही. आदिलशाही फौजा तिसवाडी बेटात घुसल्या. पोर्तुगीज जहाजांवर पळाले. पण पावसाळा सुरू झाला होता आणि मांडवीच्या मुखावरचा दांडा ओलांडून खुल्या समुद्रात जाणे अशक्य होते. जवळजवळ तीन महिने हा ताफा नदीतच अडकून पडला. किनाऱ्यावरून तोफा, वरून पाऊस, पोटात भूक. उंदीर आणि पेट्यांचे कातडे शिजवून खाण्याची पाळी आली. याच दिवसांत जहाजावर ठेवलेल्या बंदिवान मुसलमान स्त्रियांपैकी एकीकडे चोरून जाणाऱ्या रुय दियाश या तरुण सरदाराला आल्बुकर्कने फाशी दिली. कप्तानांनी बंडाचा पवित्रा घेतला, तरी तो बधला नाही. ऑगस्टमध्ये पाऊस ओसरल्यावर हा उपाशी ताफा अंजदीव बेटाच्या आसऱ्याला गेला. हे बेट आज भारतीय नौदलाच्या कारवार येथील तळाचा भाग आहे, एवढे जाता जाता नोंदवायला हवे.

२५ नोव्हेंबर १५१० रोजी, संत कातेरीनाच्या सणादिवशी, सुमारे दीड हजार पोर्तुगीज आणि मलबारी सैनिकांनिशी तो परतला आणि एका दिवसात शहर घेतले. त्यानंतर जे घडले त्यावर पोर्तुगीज इतिहासकारांनीही पांघरूण घातलेले नाही. शहरातील मुसलमानांची सलग काही दिवस कत्तल करण्यात आली. स्त्रिया आणि मुलेही वगळली नाहीत. राजाला कळवलेल्या वृत्तांतात आल्बुकर्कने स्वतःच मृतांचा आकडा सहा हजारांच्या घरात दिला. त्यात खेदाचा सूर नाही. धर्मद्वेष होताच, पण थंड हिशेबही होता : मे महिन्यात ज्यांनी आदिलशहाला आतून साथ दिली ते पुन्हा देऊ नयेत. या पायावर गोव्याचा तळ उभा राहिला, हे त्याच्या प्रशासकीय कौशल्याचे गोडवे गाताना विसरता येत नाही.

ते कौशल्य मात्र खरे होते. हिंदू रयतेवरील आदिलशाही करांचे ओझे त्याने हलके केले, गावकऱ्यांच्या जुन्या रीतीला हात लावला नाही, वसुलीचे काम तिमोजाकडे दिले, टांकसाळ काढली, सतीची चाल बंद केली. मंदिरांचा विध्वंस आणि धर्मन्यायालय हा अध्याय पुढचा, त्याच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी सुरू झालेला. माणसांच्या तुटवड्यावरही त्याने तोडगा काढला. आपल्या सैनिकांनी आणि कारागिरांनी स्थानिक स्त्रियांशी लग्ने करावीत, जमीन आणि घर घेऊन येथेच राहावे, असा आग्रह धरून त्याने कायम वस्तीचा एक वर्ग निर्माण केला. या लग्नांत वधूंना विचारले गेले होते काय, हा प्रश्न त्या काळी कोणी नोंदवला नाही. त्यांतील अनेक जणी त्याच कत्तलीत नवरा किंवा बाप गमावलेल्या होत्या.

तळाने आपला खर्च आपण भागवावा, यासाठी त्याने घोड्यांचा उपयोग केला. विजयनगर आणि विजापूर यांच्यातील युद्धे अरबी घोड्यांवर चालत. घोडे घेऊन येणारी प्रत्येक गलबत गोव्यातच लागली पाहिजेत असा हुकूम त्याने काढला, जकात बसवली आणि घोडे कोणाला मिळणार या प्रश्नावर कृष्णदेवराय आणि आदिलशहा या दोघांशीही एकाच वेळी बोलणी चालू ठेवली. कोणालाच नाही म्हणायचे नाही आणि कोणालाच पुरते हो म्हणायचे नाही. दोन मोठ्या भूसत्तांच्या वैराच्या फटीत त्याने आपले बेटावरचे ठाणे सुरक्षित केले.

१५११ च्या उन्हाळ्यात तो मलाक्क्याला गेला. बाराशेच्या आसपास माणसे, सतरा-अठरा जहाजे आणि समोर पूर्वेकडील सर्वांत श्रीमंत बाजारपेठ. दोन वर्षांपूर्वी तेथे पकडलेल्या पोर्तुगीजांची सुटका हे निमित्त होते. सुलतान महमूद शहाकडे हत्ती होते, तोफा होत्या, भाडोत्री सैन्य होते. नव्हती ती परदेशी व्यापाऱ्यांची निष्ठा. शहराचे दोन भाग जोडणारा पूल ताब्यात घेऊन ऑगस्टमध्ये आल्बुकर्कने मलाक्का जिंकले आणि मशिदी व सुलतानांच्या कबरी यांचे दगड काढून किल्ला बांधला. परतताना फ्लोर दो मार हे त्याचे जहाज सुमात्राजवळ लुटीसह बुडाले. तो कसाबसा तराफ्यावरून वाचला. मलाक्का हे चीनच्या मिंग बादशहाचे मांडलिक राज्य होते, याची किंमत पोर्तुगालने नंतर मोजली. पुढे पोर्तुगीज वकिलात पेकिंगला गेली, तेव्हा पदच्युत सुलतानाची तक्रार तिच्याआधीच तेथे पोचलेली होती, आणि वकील तोमे पिरेस चीनच्या तुरुंगात पडला.

राहिले एडन. भारतातील मसाला तांबड्या समुद्रातून इजिप्तकडे व तेथून व्हेनिसला जाई. ही नळी बंद केल्याशिवाय लिस्बनची मक्तेदारी पुरी होत नव्हती. १५१३ मध्ये एक हजार पोर्तुगीज आणि चारशे मलबारी घेऊन त्याने एडनच्या तटाला शिड्या लावल्या. घाईगर्दीत चढणाऱ्यांच्या भाराने शिड्या मोडल्या, तटावर पोचलेले मूठभर लोक तेथेच अडकले आणि हल्ला फसला. एवढी साधी गोष्ट. तो पुढे तांबड्या समुद्रात शिरला, कमरान बेटावर उन्हाळ्यात माणसे गमावली आणि रिकाम्या हाताने परतला. एडन पुन्हा त्याच्या वाट्याला आले नाही. शतकाच्या मध्यापर्यंत मसाल्याची तांबड्या समुद्रातील वाट पूर्ववत वाहू लागली होती. तीन दारांपैकी एक उघडे राहिले की दोन बंद ठेवण्याचा खर्च तेवढा उरतो.

दीव येथेही त्याला किल्ला हवा होता. गुजरातच्या सुलतान मुजफ्फर शहाकडे त्यासाठी त्याने १५१४ मध्ये वकील पाठवले. सुलतानाने जागा नाकारली आणि त्याऐवजी एक गेंडा भेट दिला. आल्बुकर्कने तो राजाला पाठवून दिला. लिस्बनमध्ये पोचलेल्या त्या जनावराचे, ते न पाहताच, आल्ब्रेख्त ड्यूररने केलेले चित्र युरोपभर गाजले. किल्ला न देण्याची ही तऱ्हा राजनैतिक इतिहासात तशी दुर्मीळच.

या सर्व काळात त्याचे सर्वांत चिवट शत्रू कोचीनमध्ये होते. तेथील पोर्तुगीज अधिकारी आणि व्यापारी यांना गोव्याचा उदय नको होता. गोवा रोगट आहे, खर्चिक आहे, आदिलशहाशी कायमचे वैर ओढवणारे आहे, ते परत देऊन टाकावे, अशी पत्रे ते लिस्बनला लिहीत राहिले. राजानेही गोवा ठेवावे की सोडावे याची विचारणा केली. कप्तानांनी ठेवण्याच्या बाजूने कौल दिला, पण राजाच्या मनातला संशय गेला नाही. दूरच्या तळावरचा सेनापती कर्तबगार असला की राजधानीला तो जड होऊ लागतो. आल्बुकर्कचे हेच झाले.

फेब्रुवारी १५१५ मध्ये सत्तावीस जहाजे घेऊन तो अखेरच्या मोहिमेवर, होर्मुझला निघाला. दरम्यान तेथे रईस अहमद नावाच्या दरबाऱ्याने राजाला मुठीत ठेवले होते. भेटीच्या वेळीच त्याला ठार करवून आल्बुकर्कने राजाला मुक्त केले, अर्थात स्वतःच्या ताब्यात घेऊन, आणि आठ वर्षांपूर्वी अर्धवट राहिलेला किल्ला पुरा केला. कमरेपर्यंत दाढी वाढलेला साठीतला हा माणूस तोवर आमांशाने खंगला होता. नोव्हेंबरमध्ये तो गोव्याकडे निघाला. वाटेत एका जहाजाकडून बातमी मिळाली : लोपो सोआरेस द आल्बेर्गारिया नवा गव्हर्नर म्हणून आला आहे आणि आल्बुकर्कने ज्यांना अपराधी म्हणून लिस्बनला धाडले होते त्यांतील काही जण मोठ्या पदांवर परतले आहेत. त्याने राजाला एक छोटे पत्र लिहून मुलाची काळजी घेण्याची विनंती केली आणि १६ डिसेंबर १५१५ रोजी पहाटे, गोव्याचा किनारा दृष्टीस पडत असताना, जहाजावरच प्राण सोडला.

त्यानंतरची हकिकत तळांची आहे. १५३० मध्ये राजधानी कोचीनहून गोव्याला आली. होर्मुझ १६२२ मध्ये शहा अब्बास आणि इंग्रज यांनी मिळून घेतले, मलाक्का १६४१ मध्ये डचांनी. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा उत्तरेकडचा मुलूखही गेला. मसाल्याची मक्तेदारी, जिच्यासाठी हे सारे मांडले होते, ती त्याच्या फार आधी संपली होती. गोवा मात्र १९ डिसेंबर १९६१ पर्यंत राहिला. तो कशासाठी ठेवायचा याचे उत्तर लिस्बनलाही शेवटी देता येत नव्हते.

आल्बुकर्कला गोव्यातच पुरण्यात आले होते. पुढच्या गव्हर्नरांच्या जुलमाने गांजलेले हिंदू आणि मुसलमान त्याच्या कबरीवर फुले व तेल घेऊन दाद मागायला येत, असे पोर्तुगीज बखरकार लिहितात. विजेत्यांच्या बखरींतील अशा कथा थोड्या बेताने घ्याव्यात. त्याने अस्थी मायदेशी नेण्याची इच्छा व्यक्त केली होती. मानुएलने मात्र त्या हलवू दिल्या नाहीत. आल्बुकर्क तेथे आहे तोवर हिंदुस्थान सुरक्षित आहे अशी त्याची समजूत होती म्हणतात. जिवंतपणी ज्याला परत बोलावण्याची राजाला घाई होती, त्याच्या अस्थी लिस्बनला पोचायला १५६६ साल उजाडले.